भुतांची कैफियत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी भुताखेतांचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु कार्यवाहांनी ‘आवडीच्या विषयावर बोला’ अशी मोकळीक दिली, आणि केंद्र सरकारच्या नोकरीत गावोगावच्या बदल्या भोगलेल्या माझ्यासारख्या माणसाला भयपटांइतकी इमानी सोबत दुसऱ्या कशाची लाभलेली नाही. पूर्वी त्यासाठी चित्रपटगृह गाठावे लागे. आता ओटीटीच्या कृपेने ते सारे दिवाणखान्यात आले आहे. प्रश्न उरतो तो निवडीचा. म्हणून सहकुटुंब पाहण्याजोग्या पाच चित्रपटांची मी आज शिफारस करणार आहे.

प्रथम निवडीची कसोटी सांगतो. कचेरीच्या भाषेत बोलायचे, तर भूत म्हणजे निकालात न निघालेले प्रकरण होय. आपल्या लोककल्पनेकडेच पाहा. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो; बाळंतपणात प्राण गेलेली स्त्री हडळ होते; धनात वा वासनेत जीव अडकलेला समंध होतो. प्रत्येकाचे काही मागणे राहून गेलेले असते. जो चित्रपट नुसता दचकवतो, तो सकाळपर्यंत विसरला जातो. जो भुताची कैफियत ऐकून घेतो, तो मनात घर करतो.

पहिला चित्रपट ‘महल’. बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट १९४९ साली कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केला. ओसाड वाडा, झोपाळ्यावरची मधुबाला आणि तिच्यामागे भान हरपलेला अशोककुमार. यात रक्ताचा थेंब नाही. भय आहे ते सावल्यांचे आणि दुरून जवळ येणाऱ्या एका सुराचे. तो सूर लता मंगेशकरांचा. ध्वनिमुद्रिकेवर मात्र त्या वेळी गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे कथेतील पात्राचे! भयपटात डोळ्यांपेक्षा कान अधिक भितात, हे पटवून घेण्यासाठी तो अवश्य पाहावा.

दुसरा बंगाली आहे. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये, सत्यजित राय यांनी त्यांच्या तीन कथांवर ‘तीन कन्या’ काढला. त्यातील ‘मणिहारा’ ही भुताची गोष्ट. दागिन्यांत जीव गुंतलेली पत्नी आणि तिचे मन दागिन्यांनीच जिंकू पाहणारा पती, एवढेच कुटुंब. परदेशी प्रेक्षकांसाठी हा भाग वगळून दोनच कथा दाखविल्या गेल्या, म्हणून तो पुष्कळांच्या नजरेतून निसटला. शेवटची काही मिनिटे मी सांगत नाही. फक्त बांगड्यांच्या आवाजाकडे लक्ष ठेवा.

तिसऱ्यासाठी केरळात जाऊ. १९९३ सालचा ‘मणिचित्रताळ’ हा फाजिल यांचा मल्याळम चित्रपट. या नावाचा अर्थ नक्षीदार कुलूप. जुन्या घरातील एक बंद खोली उघडली जाते आणि तेथे मारली गेलेली तंजावरची नर्तकी नागवल्ली जणू पुन्हा जागी होते. शोभना यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कन्नड, तमिळ, बंगाली आणि हिंदीत याच्या आवृत्त्या निघाल्या. आपल्या मुलांना ठाऊक असलेला २००७ चा ‘भूलभुलैया’ त्यांपैकीच. तरी मूळ पाहावा. भयपटांनी अंधश्रद्धा वाढते असे म्हणणाऱ्यांना तर मी तो आग्रहाने सुचवितो, कारण येथे मांत्रिकाबरोबर मनोविकारतज्ज्ञही उभा आहे, आणि रुग्ण स्त्रीची हेटाळणी न करता तिला माणूस म्हणून जपले जाते.

चौथा आपल्या मराठीचा. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ साली प्रदर्शित झाला. सावकारांच्या तगाद्यातून निसटलेले जोडपे उसाच्या फडातील एका घरात आसरा घेते. पत्नी गरोदर आहे. पूजा सावंत आणि उषा नाईक या दोघींनी तो तोलून धरला आहे. उसाचे हिरवेगार रान, जे आपण समृद्धीचे चिन्ह मानतो, तेच येथे वाट चुकविणारे चक्रव्यूह होते. आणि कैफियत कोणाची? जन्मूच न दिलेल्या मुलींची. वडीलधाऱ्यांनी मुद्दाम पाहावा असा हा चित्रपट आहे. पुढे २०२१ मध्ये तो ‘छोरी’ या नावाने हिंदीत आला.

पाचवा ‘तुंबाड’, २०१८ चा, राही अनिल बर्वे यांचा. भाषा हिंदी, पण वाडा, पाऊस, सोवळे-ओवळे, सारे आपले. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले, तर प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची. पावसाची दृश्ये टिपण्यासाठी अनेक पावसाळे चित्रीकरण चालले. १९१८ ते १९४७ या काळात बापाकडून मुलाकडे वारशाने जाते ती हाव. राक्षस भयंकर आहेच; परंतु त्याहून भयंकर आहे तो ‘आणखी थोडे’ म्हणणारा माणूस. २०२४ मध्ये तो चित्रपटगृहांत पुन्हा लागला, तेव्हाही लोकांनी गर्दी केली. हा मात्र प्रौढांसाठी. लहानांना दाखवू नये.

आता पाहण्याच्या पद्धतीविषयी. दिवे मालवावेत, मोबाइल दूर ठेवावा आणि मध्येच चित्रपट थांबवू नये. अनोळखी भाषेसाठी उपशीर्षके लावावीत, पण मूळ आवाज बदलू नये. मुख्य म्हणजे एकट्याने पाहू नये. आपल्या घरांतील मुले हल्ली कानांत यंत्रे घालून पांघरुणाखाली भयपट पाहतात. पूर्वी गावी आजीच्या गोष्टीने भीती वाटली, तर बिलगायला आजीच असे. या मुलांना ती सोय नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. महाराष्ट्रापासून दूर वाढणाऱ्या आपल्या मुलांना प्रत्येक भूत हे नुसते ‘घोस्ट’ असते. २०२४ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’मुळे एक शब्द त्यांच्या कानी पुन्हा पडला, ही आनंदाची बाब, पण हडळ, समंध, खवीस, वेताळ यांचे काय? शब्द गेला, की त्याच्या पोटातील दुःखही जाते. बाळंतपणात किती बायका मेल्या असतील, तेव्हा हडळ हा शब्द गावोगाव रुजला! तो शब्द विसरणे म्हणजे त्या बायकांना विसरणे होय.

म्हणून विनंती अशी की, महिन्यातून एका शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळून एक भयपट पाहावा, आणि संपल्यावर लगेच उठू नये. मुलांना मराठीत एवढेच विचारावे : ‘या भुताचे काय राहून गेले होते रे?’ उत्तर मोडक्यातोडक्या मराठीत आले तरी चालेल. बोलणे रंगले, की ‘आमच्या गावच्या पिंपळावर म्हणे...’ असे कोणीतरी सुरू करीलच, आणि तुमचे गाव त्या रात्रीपुरते घरी येईल.