अंजनीकाठी आपलं स्वागत



अंजनी नदीकाठचं हे एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पांडववाडा आणि पद्मालयाचे दोन गणपती आपण पाहालच; माझा जीव मात्र इथल्या कागदात. एरंडोलचा जाडाभरडा देशी कागद एकेकाळी नावाजलेला होता. विसाव्या शतकाच्या तोंडावरही तो धंदा धुगधुगी धरून होता. कागद्यांना मात्र आम्ही गावकरी पार विसरलो. ख्रिस्ती उपासनेतल्या पदांची वही शेवटी कागदाचीच, एवढाच गावाचा आपल्या विषयाशी धागा. तो ओढूनताणून जोडलाय, पण सोडवत नाही.

पाळकपदाची दीक्षा न घेतलेल्यांनी ख्रिस्ती उपासना चालवावी का? मला वाटतं, मराठी मुलखात ही पाळक मिळेना म्हणून काढलेली पळवाट नाही. पंडिता रमाबाईंचंच उदाहरण घ्या. त्यांचा बाप्तिस्मा 1883 चा. इंग्लंडात चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुषांना शिकवण्यालाच मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली होती. पुढे याच बाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो स्त्रियांना प्रार्थनेला बसवलं, 1905 मध्ये तिथे प्रार्थनेला उधाण आलं, आणि दीक्षेवाचून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. अहमदनगरकडच्या ख्रिस्ती कीर्तनातही येशूचं आख्यान लावायला गळा आणि पाठांतर पुरे. मुक्ताईच्या वारीला जाणाऱ्या आम्हा खानदेशी माणसांना यात नवल कसलं! कीर्तनकाराला पौरोहित्य आम्ही कधी विचारलंच नाही. आक्षेप असा की, न शिकलेला माणूस शिकवणीत भेसळ करील. भीती खोटी नाही. पण प्रभुभोजनाचा विधी बहुतेक मंडळ्यांनी दीक्षितांकडेच ठेवलाय. वाचन-गायनात ग्रंथ समोर उघडा असतो, चूक ऐकणाऱ्यालाही कळते. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1963 मध्ये, पुरोहित नसेल तिथे बिशपने नेमलेल्या व्यक्तीने वचनाची उपासना चालवावी, असं सुचवलं. ‘नसेल तिथे’ ही अट मात्र मला खटकते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांना 1904 साली दीक्षा मिळाली, पण त्यांचं पद एखाद्या गृहिणीने उचललं आणि मागोमाग मंडळी गाऊ लागली, तर पाळक शेजारी बसलेला असला म्हणून तिचं पुढारपण उसनं ठरत नाही.

आता क्षमा. गावाला रेल्वे नाही, म्हसावद स्टेशनपासून आपले हाल झाले. मंडप दुपारी तापेल, पाणी नळाच्या वेळेलाच येईल, शेवभाजीचा तिखटपणा आचारी ऐकत नाही. सतरंज्या देणारे कापूस व्यापारी, वर्ग मोकळे करणारी शाळा, कळण्याच्या भाकरी थापणाऱ्या भगिनी, जनरेटरचं भाडं न घेणारे मंडपवाले आणि नाव सांगू नका म्हणून दम देणारे देणगीदार, सर्वांचे आभार. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागेल. तेवढं कीर्तनकारांनी सांभाळून घ्यावं.