पावसाआधीची मोजणी



लोकसंख्येची माहिती आणि आपत्ती निवारण या विषयावरची परिषद घोटीसारख्या धो धो पावसाच्या मुलखात भरते आहे, हे योग्यच झाले. मला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे : दरड कोसळल्यावर माणसे मोजायला बसायचे, ही रीत आता बंद झाली पाहिजे.

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचावपथके भर पावसात पायी चढली, अवजड यंत्रे खालीच राहिली. वाडीत ४८ कुटुंबे आणि २२८ माणसे असल्याचे सांगितले गेले. पण त्या रात्री प्रत्यक्ष घरात किती होती? काही मुले आश्रमशाळेत होती, काही माणसे बाहेरगावी. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते. ५७ जण बेपत्ताच राहिले. कोणत्या घरात कितीजण झोपले होते, ही माहिती अशा वेळी फावड्याइतकीच गरजेची असते. त्याआधी ३० जुलै २०१४ला माळीण हे गाव दरडीखाली गाडले गेले, तेव्हा नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गावच दिसेना आणि त्यातून बातमी बाहेर पोहोचली. तिथे १५१ माणसे गेली.

आपल्याकडे आकडे नाहीत असे नाही. मात्र शेवटची जनगणना २०११ची. तिचा आकडा महसुली गावाचा. डोंगरावरची वाडी, पाडा त्यात विरघळून जातो. मतदारयादीत लहान मुले नसतात. रेशनकार्डावर मुंबईला राहणाऱ्याचेही नाव असते. शिवाय माणसे ऋतूप्रमाणे हलतात. आपल्याच भागात भाताच्या आवणीला बाहेरचे मजूर येतात, शेतावरच्या पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. ऐन पावसात इथे असलेली ही माणसे इथल्या कोणत्याच यादीत नसतात. उलट, दिवाळीनंतर आपली कुटुंबे वीटभट्टीवर जातात, तेव्हा कागदावर भरलेले घर प्रत्यक्षात कुलूपबंद असते.

२०१०च्या भूकंपानंतर हैतीत अभ्यासकांनी मोबाइल सिमकार्डांच्या निनावी नोंदींवरून राजधानीतली माणसे कुठे गेली याचा माग काढला. मदत कुठे वळवायची, हे त्यातून कळू शकते. हे तंत्र आपणही शिकावे. पण जिथे रेंजच नाही त्या वाडीत अंगणवाडीताईचे सर्वेक्षणाचे रजिस्टर आणि आशाताईची घरभेट यांनाच पर्याय नाही. गरोदर बाई कोणत्या घरात, अंथरुणाला खिळलेली आजी कुठे, हे त्यांना तोंडपाठ असते. ते ज्ञान तहसीलच्या नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचत नाही, ही खरी उणीव आहे.

म्हणून या परिषदेने ठराव करावा. दरवर्षी ३१ मेपूर्वी वाडीनिहाय, घरनिहाय यादी व्हावी. आवणी सुरू झाली की ती पुन्हा तपासावी आणि आलेल्या मजुरांची नोंद त्यात घ्यावी. उचलून न्यावे लागणाऱ्यांची वेगळी खूण असावी. एक प्रत गावात, एक तहसिलीत राहावी. नावे आणि आजार चव्हाट्यावर येऊ नयेत, मदतीखेरीज त्या यादीचा वापर होऊ नये. आणि या कामाचा मोबदला आशाताई, अंगणवाडीताईंना वेगळा मिळावा. फुकटच्या कामावर लोकांचा जीव सोपवू नये.

येत्या पावसाळ्याआधी निदान डोंगरउताराच्या प्रत्येक वाडीची यादी आपण पुरी करू या.