बॅन आणि म्ना

डब्लिनमधल्या जुन्या पबात स्वच्छतागृहांच्या दारांवर दोन आयरिश शब्द असतात, ‘फिर’ आणि ‘म्ना’. रोमन अक्षरांतला ‘म्ना’ इंग्रजी ‘मॅन’सारखा दिसतो, म्हणून परका पुरुष हमखास त्याच दाराकडे वळतो. पण म्ना म्हणजे स्त्रिया!

आयरिशमध्ये स्त्री म्हणजे ‘बॅन’. अनेक स्त्रिया असल्या की म्ना, आणि ‘त्या स्त्रीचा’ म्हणायचं तरी पुन्हा म्नाच. आयर्लंडच्या उत्तरेत आणि पश्चिमेत काही जण ‘म्रा’ म्हणतात. ‘ती स्त्री’ म्हणताना आधी ‘अन’ येतं आणि बॅनचा ब मऊ पडून ‘वॅन’ होतो. ‘स्त्रियांचा’ म्हणताना तर म्ना मागे सरून ‘बान’ हे तिसरंच रूप पुढे येतं. १९१४ साली डब्लिनमध्ये स्त्रियांनी उभारलेल्या राष्ट्रवादी संघटनेचं नाव होतं ‘कुमन न मान’, म्हणजे स्त्रियांचा संघ. यातला ‘मान’ म्हणजे तोच बान; लिहिताना त्यात म आणि ब दोन्ही असतात. कानावर मात्र एकटा म पडतो. ब नुसता लिहिण्यापुरता, मूळ शब्दाची ओळख राहावी म्हणून. मला ही शुद्धलेखनाची रीत फार आवडते.

आता बॅन कुठे आणि म्ना कुठे, असं वाटेल. याचं उत्तर आपल्या वेदांत सापडतं. आयरिश आणि संस्कृत या दोघींच्या फार जुन्या मूळ भाषेत ओठ गोल करून उच्चारायचा एक ग होता. आयर्लंडकडे जाता जाता त्याचा ब झाला, आपल्याकडे कधी ग राहिला, कधी ज झाला. म्हणून आपली गाय तिकडे ‘बो’, आणि आपला ‘जीव’ तिकडे ‘ब्यो’, म्हणजे जिवंत. ऋग्वेदात स्त्रीसाठी ‘जनि’ आहे आणि ‘ग्ना’ही आहे. बॅनशेजारी जनि ठेवा, म्नाशेजारी ग्ना. एका रूपात मधला स्वर टिकला, दुसऱ्यात गळाला. स्वर गळाला तेव्हा ब आणि न एकमेकांना भिडले आणि ब नाकात जाऊन म झाला.

याच मुळापासून फारसीत ‘झन’ आला, आणि त्यातून आपल्याकडे जनाना आणि जनानखाना. ‘जननी’ मात्र या घरातली नाही. ती जन्म देणाऱ्या ‘जन्’ धातूची. त्याचं मूळ निराळं.