न पाठविलेली पत्रे आणि आपली वही

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मुलांना लिहिता येते काय, असे मी विचारले तर आपण म्हणाल, मास्तर, दहावीला बसणाऱ्या पोराबद्दल हा काय प्रश्न झाला? पण मी रोज वह्या तपासतो. 'माझी आई' या विषयावर चाळीस मुले निबंध लिहितात आणि चाळीसही आया एकच निघतात. ही आई पहाटे उठते, अंगणात सडा घालते, रांगोळी काढते. ज्या घराच्या उंबऱ्यावर कधी रांगोळीचा ठिपका पडला नाही, त्या घरातल्या मुलाची आईसुद्धा निबंधात रांगोळीच काढते! कारण गाइडात तसे छापलेले आहे. त्याची खरी आई फजरनंतर तांदळाच्या भाकऱ्या थापते आणि दुपारभर शिलाई यंत्रावर बसून मोहल्ल्यातल्या मुलींचे कपडे शिवते. ती आई त्या वहीत कोठेच नसते. मुलाला गुण मिळतात. पण स्वतःच्या आईकडे पाहावयाचे त्याचे राहून जाते.

मी ज्या लिहिण्याबद्दल बोलणार आहे ते गुणांसाठीचे नव्हे. माणसाने स्वतःला ओळखण्यासाठी करावयाचे ते लिहिणे आहे. त्याचे एक थोर उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली. मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित नेहरू, सरदार पटेल आदींना त्या वेळच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ठेवण्यात आले. नेहरूंनी तेथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे सर्वांना पाठ आहे. मौलानांनी काय लिहिले, हे मात्र आपल्यापैकी फारच थोडे जण सांगतील. भल्या पहाटे उठून, स्वतःच्या हाताने चहा करून, ते आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत. ही पत्रे टपालात पडणार नाहीत, हे ठाऊक असतानाही लिहीत. पुढे १९४६ साली ती 'गुबारे खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. मनात साठलेली धूळ, असा त्या नावाचा ढोबळ अर्थ.

आता एवढा विद्वान माणूस, राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष. त्याने राजकारणच लिहिले असेल, असे आपणांस वाटेल. पण तेथे चहा आहे, फुलांची रोपे आहेत, खोलीत घरटे करू पाहणाऱ्या चिमण्यांशी झालेली लढाई आणि नंतरची दोस्ती आहे. आणि एक पत्र पत्नीविषयी आहे. झुलेखा बेगम कलकत्त्यास अत्यवस्थ होत्या. सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास ती लगेच पोचवू, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचविले. मौलानांनी नकार दिला. एप्रिल १९४३ मध्ये त्या गेल्या. पतिपत्नींची भेट झाली नाही.

लोकांना दिसले ते एवढेच की मौलाना डगमगले नाहीत. पण कागदावर त्यांनी काय नोंदविले? वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याची पावले वाजली की काळीज धडधडे, आणि तरीही आपण जणू काही घाईच नाही असे दाखवीत कामात गढून राहत असू. हे वरवरचे शांतपण म्हणजे मनातल्या अभिमानाने वठविलेली एक भूमिका होती, असे ते स्वतःच सांगतात. मित्रहो, हे तोंडाने कोणाजवळ बोलणे कठीण. शेजारच्या खोलीतील सहकाऱ्यांजवळही नाही. ते कागदाजवळ बोलता आले. त्यांचा निर्णय लिहिण्याने बदलला नाही, पण आपण कसे आहोत हे त्यांना दिसले. माझ्या मते हे धैर्य नकार देण्याच्या धैर्याहून लहान नाही.

मौलानांसारखी लेखणी प्रत्येकास कोठून येणार, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण लेखणी तेवढी लागतही नाही. अमेरिकेत १९८६ साली जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या घटनेविषयी लिहावयाचे. शुद्धलेखनाची पर्वा करावयाची नाही. लिहून झाल्याबरोबर मुले उलट अधिक खिन्न दिसली. परंतु ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांचे पुढील महिन्यांत दवाखान्यात जाणे इतरांपेक्षा कमी झाले. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा फायदा लहानच आढळला, हेही सांगितले पाहिजे. वही म्हणजे तावीज नव्हे. गंभीर दुखण्याला डॉक्टरच पाहिजे.

मुले विचारतात, सर, कोणत्या भाषेत लिहू? घरात कोकणी किंवा दखनी, मदरशात उर्दू, शाळेत मराठी. माझे म्हणणे, ज्या भाषेत तुम्हाला राग येतो त्या भाषेत लिहा. चारही मिसळल्या तरी हरकत नाही; त्या वहीला परीक्षक नाही.

मुलींना मी मुक्ता साळवेचे नाव सांगतो. जोतिराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली ही सुमारे चौदा वर्षांची मुलगी. आपल्या लोकांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. तिला कोणी गाइड दिले नव्हते. तिने जे सोसले होते तेच लिहिले.

आता पालकांशी दोन शब्द, थोडे कडू. पोरगी वहीत डोके घालून बसली की आपल्या घरात लगेच संशय येतो. आई वही उघडते, भाऊ मोठ्याने वाचून दाखवितो, सगळे हसतात. त्या दिवसापासून ती मुलगी एक तर लिहीत नाही, किंवा तुम्हाला आवडेल तेवढेच लिहिते. म्हणजे पुन्हा रांगोळीच! आखातात असलेल्या अब्बांना पूर्वी मुले पत्रे लिहीत. आता फोनवर आवाज पाठविला की झाले. फोन वाईट नाही. पण दोन वाक्यांमध्ये थांबून विचार करावयाची जी सवय पत्राने लागे, ती फोनने लागत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. येत्या जूनपासून आठवी व नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शंभर पानी वही आणावयास सांगणार आहे. शुक्रवारी शेवटच्या तासाला वीस मिनिटे त्या वहीत लिहावयाचे. मी ती तपासणार नाही, तिच्यावर लाल शाई चालणार नाही. वही मुलाच्या दप्तरातून घरी येईल. ती उघडण्यापूर्वी, अब्बाजान, अम्मीजान, त्याला विचारा. तो नाही म्हणाला तर तशीच परत ठेवा.