वणवा आणि माळाचे गवत



ज्ञानगंगेच्या खोऱ्यात अथवा अंबाबरव्याच्या रानात उन्हाळ्यात वणवे लागतात. मोहफुले वेचण्यासाठी पेटविलेला पाला किंवा विझविल्याविना टाकलेली विडी एवढे निमित्त पुरते. माळ काळाठिक्कर पडतो. परंतु मृगाच्या सरी कोसळताच तोच माळ हिरवा होतो. त्यावरून ‘जाळले म्हणजे गवत जोमाने येते’ असा समज खेड्यांतून रूढ झाला आहे. त्यात सत्य किती व भ्रम किती, हे मुलांना उलगडून दाखविले पाहिजे.

बहुवर्षायू गवताचे फुटवे देणारे डोळे बुंध्याशी, मातीच्या आड असतात. वाळलेले गवत भडकन पेटते आणि लवकर विझते. धग वर जाते. दोन बोटे खोल मातीस ती फारशी पोहोचत नाही. पाती जळतात, पण मूळ जगते आणि साठविलेल्या अन्नावर नवा कोंब फुटतो. कुसळीचे बी तर स्वतःच जमिनीत शिरते. त्याचे कुसळ ओले झाले की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो. त्या फिरण्याने बी मातीत रुतते व आगीपासून वाचते. एवढे सत्य होय.

परंतु मुळातील अन्न ही ठेव आहे. दरवर्षी माळ जाळला आणि कोवळ्या फुटव्यावर लागलीच गुरे सोडली, तर ठेव सरते. मग मारवेल, पवन्या ही उत्तम चाऱ्याची गवते हटतात व कुसळी माजते. तिची कुसळे गुरांच्या तोंडात टोचतात. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील गवतांच्या पाहणीत दख्खनच्या गवताळ पट्ट्यास पवन्या व मारवेल यांच्याच जातकुळीचे नाव दिले आहे. तीच येथील खरी संपत्ती. शिवाय उघड्या जमिनीवरील राख व माती पहिल्या पावसात वाहून जाते, आणि तितराची अंडी आगीत नष्ट होतात.

शाळेत एक ठोंब उपटून बुंध्याचे डोळे दाखवावेत. कुसळ ओल्या बोटावर ठेवून त्याचे फिरणे पाहू द्यावे. आवारातील माळाचा एक तुकडा राखून, चराईच्या तुकड्याशी त्याची तुलना दोन-तीन वर्षे मुलांकडून वहीत नोंदवावी. जाळण्याचा प्रयोग मात्र कदापि करू नये.

गवत एका वणव्यातून सावरते. दरवर्षीच्या वणव्यातून सावरत नाही. हे ज्या मुलाने स्वतः पाहिले, तो मोठेपणी माळाला काडी लावणार नाही.