पुरुषांचें मनोदुःख व त्याची तपासणी

(राजगुरुनगर येथें महोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशीं मनाच्या व्याधीविषयीं बोलणें कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु जुन्या करारांत पन्नासावें वर्ष पवित्र पाळण्याची जी आज्ञा आहे, तिचा गाभा ओझें उतरविण्याचा आहे: दासानें मुक्त व्हावें व गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत यावी. आज आपल्या पुरुषांच्या मनावर जें ओझें आहे तें कोणास दिसत नाहीं. म्हणून त्याचा विचार याच दिवशीं करणें योग्य होय.

भीमेकांठचें हें गांव पूर्वीं खेड म्हणून ओळखलें जाई. 1908 सालीं येथें जन्मलेल्या हुतात्मा राजगुरूंचें नांव आज तें धारण करितें. जवळच चाकण, पुढें भोसरी व पिंपरी-चिंचवड. केंदळ, वळण, संगमनेर अशा जुन्या मिशनांच्या मुलखांतून, तसेंच परप्रांतांतूनही, माणसें इकडे पोटासाठीं येतात. कारखाने पाळ्यापाळ्यांनीं चालतात. कित्येकांची नोकरी कंत्राटी, खोली भाड्याची आणि आईबाप गांवीं. रात्रपाळीनें झोप मोडते, कर्जाचा हप्ता थांबत नाहीं. आणि घरीं पैसा धाडणाऱ्यानें कण्हूं नये, अशी लोकांची समजूत!

याचा परिणाम आंकड्यांत पाहा. सरकारी गुन्हे-नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणें 2022 सालीं देशांत 1,70,924 माणसांनीं आत्महत्या केली. त्यांत पुरुष 1,22,724 होते; म्हणजे दर दहांत सात. सर्व प्रांतांत मोठा आंकडा महाराष्ट्राचा, 22,746. आणि देशांतील मृतांपैकीं चौथ्या हिश्शाहून अधिक लोक रोजंदारीचे होते. प्रत्येक आंकड्यामागें एक चूल आहे, हें आपण विसरूं नये.

हा रोग पुरुषांत वेष पालटून येतो. स्त्री रडते तेथें पुरुष पुष्कळदां चिडतो. त्याची पाठ दुखते, पोट बिघडतें, झोप उडते. तो दारूकडे वळतो किंवा मिस्सेस येण्याचें सोडतो. घरचे म्हणतात, "स्वभाव बिघडला." डॉक्टर पाठीचें औषध देतो. खरें दुखणें मात्र कोणी विचारीत नाहीं.

कामगाराच्या शरीराची तपासणी नवी नाहीं. धोक्याच्या प्रक्रियेंतील कामगारास बारा महिन्यांच्या आंत एकदां तरी तपासावें, असें कलम 1987 सालींच कारखाना कायद्यांत घातलें गेलें. रक्तदाब मोजतात, साखर पाहतात, कान व फुप्फुसें तपासतात. मग मनानेंच काय अपराध केला? गेल्या दोन आठवड्यांत कामांतील व करमणुकींतील गोडी गेली काय, आणि मन खिन्न वा निराश राहिलें काय, हे दोन प्रश्न विचारण्यास दोन मिनिटेंही लागत नाहींत. उत्तर होकारार्थी आल्यास पुढें नऊ प्रश्नांची यादी आहे. ती 2001 सालीं प्रसिद्ध झाली असून जगभर वापरली जाते. तींत मरणाचे विचार येतात काय, असाही प्रश्न आहे. विचारल्यानें तो विचार मनांत भरतो, ही भीति निराधार आहे. उलट, विचारल्यानें कित्येकांस बोलण्याची वाट सांपडते.

तथापि दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. आणि तपासून सोडून देणें म्हणजे विहीर दाखवून दोर न देणें होय. दारू व झोप यांविषयीं वेगळें विचारलें पाहिजे. उत्तरें मुकादमाच्या हातीं जातां कामा नयेत; नाहींतर नोकरीच्या भीतीनें कोणीही खरें सांगणार नाहीं. पुढील उपचाराचा पत्ता त्याच दिवशीं हातीं द्यावा. 2022 सालापासून 14416 या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा आहे. ती विनामूल्य असून रात्रींबेरात्रीं मराठींतही बोलतां येतें.

आतां आपल्या श्रद्धेविषयीं. 1917 च्या धर्मविधिसंहितेंत बुद्धिपुरःसर आत्मघात करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधि नाकारला होता. 1983 च्या संहितेंत तो निर्बंध राहिला नाहीं. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथांत आत्मघात हा गंभीर अपराध म्हणूनच सांगितला आहे. परंतु तीव्र मनोविकारानें माणसाची जबाबदारी कमी होऊं शकते, व अशांच्या तारणाविषयीं निराश होऊं नये, असेंही तेथें शिकविलें आहे. तेव्हां ज्या घरीं असा प्रसंग घडला, त्या घराकडे पाठ फिरविण्याचा अधिकार कोणास आहे? देशाच्या 2017 च्या कायद्यानेंही आत्महत्येच्या प्रयत्नांतून वांचलेल्याची शुश्रूषा करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे.

एलिया संदेष्टा रानांत झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला, तेव्हां देवदूतानें त्यास उपदेश केला नाहीं. भाकर व पाणी दिलें, आणि पुन्हा झोपूं दिलें. चालण्याची आज्ञा मागाहून आली. हाच क्रम आपणही पाळावा. पापनिवेदनानें पापक्षमा मिळते, प्रार्थनेनें बळ येतें. परंतु ज्वर आलेल्यास आपण डॉक्टरकडे नेतों, तसेंच खिन्न झालेल्यासही न्यावें. यांत श्रद्धेची उणीव नाहीं.

माझी सूचना अल्प आहे. महोत्सववर्षांत जें आरोग्यशिबिर भरेल, त्यांत रक्तदाबाच्या मेजाशेजारीं एक आडोशाची खोली असावी व हे दोन प्रश्न प्रत्येक पुरुषास विचारावे. विचारणारा जाणता व तोंडाचा घट्ट असावा. पुढें नेण्यासाठीं सोबतीस एक बंधु असावा. कारण अशा वाटेवर माणूस एकटा क्वचितच जातो. आणि बंधूंनो, तुमच्यापैकीं कोणाचें ओझें आजच असह्य झालें असेल, तर शिबिराची वाट पाहूं नका; आज रात्रींच कोणास तरी सांगा.

दयाघन प्रभु आपणां सर्वांस ऐकणारे कान व बोलण्याचें धैर्य देवो. आमेन.