सौर पॅनेलचे स्वदेशी उत्पादन : लाभ आणि जबाबदारी



फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी १९४९ साली वसविण्यात आलेल्या उल्हासनगरने लघुउद्योगांच्या बळावर आपले भवितव्य घडविले. अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींनी या परिसरात कुशल कामगारवर्ग निर्माण केला. सौर पॅनेलच्या उत्पादनास हे कौशल्य उपयुक्त ठरेल.

साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सने १९७७ साली देशातील पहिला सौरघट तयार केला. आज घट जोडून पॅनेल बनविण्याचे काम देशात मोठ्या प्रमाणावर होते. मात्र घटासाठी लागणारी सिलिकॉनची चकती बहुतांशी चीनमधूनच येते. हे परावलंबन दूर होण्यास भांडवल व संशोधन हवे.

२०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आणि अनुदानासाठी देशी घटांचे पॅनेल आवश्यक ठरविले. पॅनेलच्या अ‍ॅल्युमिनियम चौकटी व छपरावरील सांगाडे लघुउद्योजकांना करता येण्याजोगे आहेत.

घटनिर्मितीस मात्र हायड्रोफ्लोरिक आम्लासारखी रसायने आणि पुष्कळ पाणी लागते. रासायनिक सांडपाण्याचे दुष्परिणाम वालधुनी नदीने भोगले आहेत. म्हणून शुद्धीकरणाची व्यवस्था आधी व उत्पादन नंतर, हा क्रम असावा. सूर्याची वीज निर्मळ आहे. तिची साधने घडविणारा कारखानाही निर्मळ राहील, हे पाहणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य होय.